जखमी हरिणाचे मांस

गेल्या नोव्हेंबरात शब्बाथ संपला, हव्दाला आटोपली, आणि आम्ही चहाचा कप हातात घेतो न घेतो तोच नातवाचा फोन आला. सैन्यातली वर्षे पुरी करून तो इथल्या मुलांच्या रिवाजाप्रमाणे जग पाहायला निघाला होता आणि अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एका मित्राच्या घरी उतरला होता. मित्राचे वडील धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारे. रीतसर परवाना काढून, ठरलेल्या हंगामात. ते नातवाला बरोबर घेऊन गेले. संध्याकाळी एक मादी आली, बाण सुटला, पण छातीत लागायचा तो मांडीत लागला. रात्रभर थांबून पहाटे माग काढला, तेव्हा ती झुडपात बसलेली सापडली. जिवंत होती. दुसरा बाण मारून त्यांनी तिला संपवले आणि दुसऱ्या दिवशी घरात तिचे मांस शिजले.

"सबा, मी नुसते बटाटे खाल्ले," नातू म्हणाला. "त्यांना वाईट वाटलं. ते म्हणाले, ती तशीही मरणारच होती. रानात टाकून आलो असतो तर लांडग्यांनी खाल्ली असती. मग आम्ही खाल्ली तर वाईट काय? आणि मला उत्तर देता आलं नाही."

आम्ही फोनवर दोन वाक्यांत काहीतरी सांगितले. कोशेर, तरेफा, शोहेत वगैरे. सारा जन्म इतिहास शिकवण्यात गेला, पण फोन ठेवल्यावर ते उत्तर आमचे आम्हालाच अपुरे वाटले. त्या पाहुणचार करणाऱ्या माणसाचे म्हणणे साधे आणि प्रामाणिक होते. जखम केली ती त्याने, रात्रभर जागला तोच, मागही त्यानेच काढला. आम्ही मात्र ताटातले बाजूला सारले आणि स्वतःला शुद्ध म्हणवून घेतले. एवढ्यावर भागत नाही. म्हणून जुनी पुस्तके पुन्हा काढली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी बाणाविषयी. बंदुकीची गोळी हाड फोडते आणि धक्क्याने जनावर पाडते. बाण तसा पाडत नाही, त्याचे पाते कापत जाते आणि रक्त जाऊन प्राणी मरतो. दोन्ही फुप्फुसांतून नीट गेला तर हरीण थोडे अंतर धावून कोसळते. पण पोटात किंवा मांडीत लागला तर ते तासन् तास जगते. अशा वेळी जाणता शिकारी लगेच मागे लागत नाही. कारण पाठलाग झाला की जखमी जनावर उठते, आणखी दूर जाते आणि मग सापडतच नाही. म्हणून तो थांबतो, कधी रात्रभर. हे थांबणे लक्षात ठेवावे, पुढे त्याची गाठ पडणार आहे.

आता आपल्याकडे या. हरीण आपल्याला निषिद्ध नाही. देवारीमच्या १४व्या अध्यायात खाण्यास योग्य अशा जनावरांची यादी आहे. तिच्यात घरच्या तीन पशूंनंतर रानातली सात येतात, आणि त्यांत पहिली तीन अयाल, त्स्वी आणि यहमूर. शलमोन राजाच्या रोजच्या मुदपाकखान्यातही हीच तीन नावे आहेत. हरणाचा बळी मात्र वेदीवर देत नसत. म्हणूनच तोरा साध्या, घरगुती मांसाचे उदाहरण देताना पुन्हा पुन्हा त्स्वी आणि अयाल यांचे नाव घेते. ते मांस शुद्ध-अशुद्ध कोणीही एका पंगतीत खावे असे होते. (एबाल डोंगरावर आदाम जेर्ताल यांनी १९८०च्या दशकात जे खोदले त्यात जळलेल्या हाडांबरोबर यहमूराचीही हाडे निघाली. ती वेदी होती की नव्हती, यावर विद्वान अजून भांडत आहेत. भांडोत.)

म्हणजे आपले पूर्वज हरीण खात होते. पण ते धरत कसे? तनाखमध्ये धनुष्य शोधत गेलो तर ते जवळजवळ सगळीकडे लढाईत सापडते. शाऊल धनुर्धाऱ्यांच्या बाणांनी घायाळ झाला, आहाबाला चिलखताच्या सांध्यातून बाण लागला, योनाथानाने दावीदाला इशारा द्यायला बाण सोडले. रानात धनुष्य घेऊन हिंडणारे दोघे ठळक दिसतात, एक इश्माएल आणि दुसरा एसाव. दोघेही आपल्या घरातले, आणि दोघेही वारशाबाहेर गेलेले.

एसावाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. म्हाताऱ्या, डोळे गेलेल्या इसहाकाने त्याला सांगितले की भाता आणि धनुष्य घे, रानात जा आणि माझ्यासाठी शिकार करून आण. आम्ही लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा आम्हाला कधी प्रश्न पडला नाही. रशींना पडला. रशी म्हणजे फ्रान्समधले रब्बी श्लोमो यित्झहाकी, काळ १०४० ते ११०५. इसहाक आबीनू बाणाने मेलेले हरीण खाईल कसे? म्हणून रशी त्या आज्ञेतल्या एका शब्दाला धार लावण्याचा अर्थ देतात. बापाने मुलाला बजावले की सुरीला नीट धार लाव आणि चांगली शेहिता कर, मला नेवेला खाऊ घालू नकोस. बेरेशीथ रब्बातला मिद्राश तर आणखी पुढे जातो. त्या दिवशी एसाव हरणे धरून बांधून ठेवी आणि देवदूत येऊन ती सोडून देई, असे तिथे सांगितले आहे. या गोष्टीत बाण नाही, दोरी आहे. आमच्या मते ही नुसती चमत्काराची कथा नव्हे. ज्यांनी ती रचली त्यांच्या डोळ्यांसमोर हरीण धरण्याची जी रीत होती, तीच त्यांनी एसावाच्या हाती दिली. मिश्नामध्ये रानजनावरांचा विषय येतो तेव्हाही सापळे आणि जाळी हेच शब्द येतात.

कारण उघड आहे. हरीण मेलेले घरी आले तर ते नेवेला, म्हणजे शेहितेवाचून मेलेले. जिवंत आले पण प्राणघातक जखम झालेले असेल तर ते तरेफा, आणि मग कितीही चांगली सुरी चालवली तरी ते खाता येत नाही. तरेफा या शब्दाचा मूळ अर्थच फाडलेले. शेमोथमध्ये रानात फाडलेले मांस कुत्र्याला टाकायला सांगितले आहे. आज आपण डुकरापासून कोळंबीपर्यंत सगळ्यालाच तरेफा म्हणतो, ते सोडा. मूळ शब्द जखमी जनावराचा आहे.

तलमूदातल्या हुल्लिन या भागाचा तिसरा अध्याय म्हणजे जखमांची यादी. अन्ननलिकेला छिद्र, श्वासनलिका आडवी तुटलेली, मेंदूचे आवरण फाटलेले, हृदयाला आतल्या पोकळीपर्यंत छिद्र, कणा मोडून आतली दोरी तुटलेली, फुप्फुसाला भोक, बहुतेक फासळ्या मोडलेल्या, माडीवरून पडलेले, लांडग्याने पंजा मारलेले. शेवटी एक सूत्र दिले आहे. ज्या जनावरासारखे दुसरे जनावर तशा स्थितीत जगू शकत नाही, ते तरेफा. गेमारात असे जनावर बारा महिने जगत नाही हा मापदंड येतो. रंबामने पुढे या जखमा मोजल्या त्या सत्तर भरल्या.

ही यादी आम्ही पूर्वी वाचली तेव्हा कंटाळवाणी वाटली होती. नातवाच्या प्रश्नानंतर वाचली तेव्हा निराळी दिसली. बाण मारणाऱ्याला जिथे मारायचे असते, ते हृदय आणि फुप्फुस, नेमके त्याच जागी छिद्र पडले की मांस हातचे गेले. नेम जितका चांगला तितके मांस निषिद्ध. आणि नेम चुकून नुसत्या मांसल भागात लागला तर जनावर पळून जाणार. धनुर्धाऱ्याला या कायद्याने दोन्ही बाजूंनी अडवले आहे.

एक अपवाद हुल्लिनमध्येच आहे आणि तो फार मौजेचा आहे. बाबिलोनात राहणारे योना बार तहलिफा नावाचे एक रब्बी बाण मारून उडत्या पक्ष्याची शेहिता करीत. रवा त्यांच्या बाणाचे पाते सुरी तपासावी तसे तपासून देत. मग बाकीचे विद्वान शंका काढतात. पाते पिसांखाली झाकले गेले नसेल कशावरून? तर पिसे कापलेली दिसली. रक्त मातीने झाकायचे असते, मग खाली माती आधी कुठे तयार केली होती? तर सगळ्या खोऱ्याची माती त्यांनी आधीच मनाने नेमून ठेवली होती. वाचकहो, असा एक बाण, तोही गळ्याच्या नेमक्या जागी, आणि त्यासाठी आधी पाते तपासणारा रवा! हा अपवाद वाचला की नियम किती कडक आहे ते कळते.

आता नातवाच्या यजमानाचा खरा मुद्दा. जनावर मरायलाच टेकले आहे, तर घाई करून ते कापून खावे की नाही? हाही प्रश्न जुना आहे. प्राणघातक जखम नसलेले पण मरणासन्न जनावर कापता येते. कापताना त्याने पाय हलवले पाहिजेत, निदान जीव असल्याची खूण दिसली पाहिजे. त्या खुणा कोणत्या यावर मिश्नात मतभेद आहेत. पण मनाई नसली तरी मान्यवरांना ते रुचत नसे. यहेज्केल संदेष्टा आपण लहानपणापासून नेवेला आणि तरेफा खाल्ले नाही असे सांगतो. गेमारा विचारते की त्यात विशेष ते काय, ते तर कोणीच खात नाही. आणि उत्तर देते की त्याचा अर्थ असा, "काप, काप, मरतंय" अशी घाई करून कापलेल्या जनावराचे मांसही त्याने कधी खाल्ले नाही.

उंचावरून पडून उठू न शकणाऱ्या जनावराविषयी तर असा नियम आहे की एक दिवस आणि एक रात्र थांबावे, मग कापावे, आणि कापल्यावर आतून तपासावे. इथे आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. विस्कॉन्सिनचा शिकारी रात्रभर थांबतो तो जनावर मरावे म्हणून. आपला शोहेत रात्रभर थांबतो तो जनावर जगते की नाही हे पाहायला. थांबणे दोघांचेही जनावराला सारखेच जड. आपले थांबणे जास्त दयेचे, असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. फरक आहे तो त्याआधीचा. आपल्या कायद्यात जखम करणाऱ्याला जखमेपासून काही लाभ मिळत नाही, म्हणून बाण सोडायचे कारणच उरत नाही.

पण कोणी दुसऱ्यानेच जखम केली असेल तर? त्याचे उत्तर आम्हाला पुस्तकात मिळाले नाही. ते कोकणात पाहिले होते.

आमचे बालपण कुलाबा जिल्ह्यात, मुरूडच्या बाजूला गेले. जंजिऱ्याच्या नवाबांचे राखीव शिकारीचे रान तिथून जवळ. तेच आजचे फणसाड अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेले. आपल्या समाजातले शालोम बापूजी इस्राएल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या संस्थानचे कारभारी होते, त्यामुळे शिकारीच्या गोष्टी आमच्या घरांतून पुष्कळ चालत. सांबर आणि भेकर ही नावे आम्हाला अयाल आणि यहमूर यांच्या आधी ठाऊक. आमच्या शनिवार तेली पूर्वजांचा घाणा तोवर थंडावला होता. आजोबांची थोडी भातशेती होती. १९७२चा वन्यजीव कायदा अजून यायचा होता, आणि कातकरी लोक तिरकमटा घेऊन रानात जात.

आमचे वय आठ-नऊ असेल. सणाचे दिवस जवळ आले होते. एक कातकरी, जो आजोबांच्या शेतावर कामाला येई, तो सकाळीच अंगणात आला. खांद्यावर भेकर. पाय बांधलेले, मान हलवत होते. "बाबा, जितं हाय," तो म्हणाला. "तुमी मेलेलं खात न्हाय, म्हून जितं आनलंय." त्याने बाण मारला होता, मागच्या पायाला लागला होता, आणि पळता येईना म्हणून ते सापडले होते. आमची जात मेलेले खात नाही एवढे त्याला ठाऊक होते, आणि त्या बिचाऱ्याने ते जीव सांभाळून चार मैल वाहून आणले होते.

आजोबांनी हज्जानसाहेबांना बोलावणे पाठवले. ते सुरीची पेटी घेऊन आले. आम्हा मुलांना वाटले, आता कापणार. आजीने राखही काढून ठेवली होती. कोंबडी कापली की रक्तावर राख टाकायचे काम आमचे असे, आणि रानजनावराचेही रक्त झाकायचे असते म्हणून त्या दिवशीही ते आम्हालाच मिळणार होते. हज्जानसाहेबांनी सुरी काढली नाही. ते उकिडवे बसले, बांधलेला पाय सोडवला आणि घोट्याच्या वरच्या बाजूला बोटांनी चाचपत राहिले. बाणाने घोडशीर तोडली होती. जखम केवढी, तर आमच्या अंगठ्याएवढी. रक्तही थांबले होते.

"नाही चालणार," ते म्हणाले.

आजोबा म्हणाले, "पायालाच तर लागलंय, साहेब. पोट, छाती सगळं शाबूत आहे."

"पायालाच लागलंय, पण इथे लागलंय. दोन बोटं खाली असतं तर चाललं असतं."

पुढे मोठेपणी हुल्लिनच्या चौथ्या अध्यायात आम्हाला तो नियम सापडला. मागच्या पायाच्या त्या सांध्याच्या वर जिथे शिरा एकत्र येतात, ती जुडी तुटली की जनावर तरेफा. खाली पाय पुरता तुटला तरी चालतो. हज्जानसाहेबांनी तो अध्याय मूळ हिब्रूत किती वाचला होता, देव जाणे. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी आपल्या वाडवडिलांना जे शिकवले, ते बोटांतून बोटांत उतरत आले होते.

कातकरी काही बोलला नाही. भेकर ओरडत होते, भुंकल्यासारखे. आजी आत गेली. तेव्हा आम्हीच विचारले, "मग आता याचं काय?" त्यावर कोणी मुलाला उत्तर देतो तसे कोणी दिले नाही. हज्जानसाहेब आजोबांकडे पाहत होते आणि आजोबा कातकऱ्याकडे. मग आजोबांनी हळूच मान हलवली. कातकऱ्याने भेकर उचलले, कुंपणाच्या पलीकडे नेले आणि आपल्या कोयत्याने एका घावात संपवले. संध्याकाळी त्यांच्या वाडीवर ते शिजले. आजोबांनी त्याला पायलीभर तांदूळ आणि दोन रुपये दिले.

तोरा नेवेला परक्याला द्यायला सांगते, तेव्हा कायद्याने यात काही चुकले नाही. तरी ते दृश्य आमच्या मनातून गेलेले नाही. ताट आमचे शुद्ध राहिले, आणि त्या जनावराचे हाल थांबवण्याचे काम दुसऱ्याच्या हातांनी झाले. हज्जानसाहेबांचा निर्णय बरोबर होता असे आम्ही आजही म्हणू. पण त्या अंगणात सर्वांत आधी जे करायला हवे होते, ते सर्वांत शेवटी झाले, आणि ते आमच्यापैकी कोणी केले नाही. शाळेत आम्हाला श्रावणबाळाची गोष्ट शिकवली होती. दशरथ आवाजाच्या रोखाने बाण सोडतो आणि मग पाण्याचा घडा स्वतः त्या आंधळ्या आईबापांकडे घेऊन जातो. बाण चुकलेल्याने निदान जवळ तरी जावे, एवढे त्या गोष्टीत आहे.

हौसेने शिकार करावी की नाही, हा प्रश्न अठराव्या शतकात प्रागचे रब्बी यहेज्केल लांडाऊ यांच्यापुढे आला. काळ १७१३ ते १७९३. विचारणारा श्रीमंत होता, त्याच्या मालकीची जंगले होती, आणि बंदुकीने शिकार करायला हरकत आहे का, असे त्याने पुसले होते. लांडाऊ कायदा काटेकोर पाहतात. माणसाच्या गरजेसाठी जनावर मारणे यात छळाची मनाई मोडत नाही, असे ते मान्य करतात. पण मग म्हणतात की आपल्या ग्रंथांत शिकारी म्हणून कोण आढळतो? निम्रोद आणि एसाव. अब्राहामाच्या लेकरांची ही चाल नव्हे. शिवाय रानात जिवाला धोका. पोटासाठी कोणी करीत असेल तर त्याची गोष्ट वेगळी, असेही ते सांगतात. हे शेवटचे वाक्य आम्हाला महत्त्वाचे वाटते. आमच्या अंगणातला कातकरी पोटासाठी रानात जात होता.

आता या देशाकडे. हरणांना इथे बाणाने संपवले नाही, बंदुकीने संपवले. यहमूर आणि कार्मेलवरचा अयाल हकार्मेल हे दोन्ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या भूमीतून नाहीसे झाले. राज्य झाले तेव्हा तोरातल्या यादीतली ही दोन नावे नुसती नावे उरली होती. १९५५ साली रानजनावरांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि उरलेल्या त्स्वींना आधार मिळाला.

यहमूर परत कसा आला ती गोष्ट पुष्कळांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. जगातून संपला असे मानलेला हा प्राणी १९५०च्या दशकात इराणच्या खुजिस्तान प्रांतात नदीकाठच्या झाडीत थोडासा उरलेला सापडला. शहाचे भाऊ राजपुत्र अब्दुलरझा हे नामांकित शिकारी, आणि त्यांच्याच देखरेखीत तो वाचवला जात होता. आपल्या निसर्ग-राखीव खात्याचे प्रमुख जनरल अव्राहाम योफे यांनी त्यांच्याशी संधान बांधले. १९७८च्या अखेरीस, शहाची गादी डळमळीत झाली असताना, चार माद्या तेहरानहून विमानाने इथे आणल्या. जर्मनीतल्या प्राणिसंग्रहालयातून काही आधी आलेले होते. कार्मेलवरच्या हाय-बारमध्ये त्यांची वीण वाढली आणि १९९६ पासून गालीलमध्ये नहाल कझीवच्या खोऱ्यात ते मोकळे सोडण्यात आले. शिकाऱ्याच्या हातून गेलेले जनावर शिकाऱ्याच्याच हातून परत आले.

आणि जखमी त्स्वी रस्त्यात सापडला तर? २००५ पासून रामत गानच्या सफारीत रानजनावरांचे इस्पितळ आहे. मोटारीने उडवलेली, तारेत अडकलेली, गोळी लागलेली जनावरे तिथे आणतात. जगतील ती परत रानात जातात. जी जगणार नाहीत त्यांना औषध देऊन शांतपणे संपवतात. त्यांना कोणी खात नाही आणि कोणी तडफडत ठेवत नाही. आमच्या अंगणात जे काम कातकऱ्यावर ढकलले गेले, ते इथे डॉक्टर करतात.

हे सगळे आम्ही नातवाला पुढच्या शब्बाथनंतर सांगितले. बटाटे खाल्लेस ते ठीक केलेस, असेही सांगितले. आणि त्या यजमानाला आमच्यातर्फे सांग, की रात्री घरी येऊन झोपला नाही, पहाटे माग काढायला गेला, याबद्दल आम्हाला त्याचा आदर वाटतो. नातू ते सांगेन म्हणाला. मग त्याने विचारले, "सबा, तो कातकरी पुन्हा कधी आला का?"

आला होता. पुढच्या वर्षी, सणाच्या आधी, तसाच सकाळी. खांद्यावर भेकर होते, पण या वेळी बाण मारला नव्हता, वाघर लावून जाळ्यात धरले होते. अंगावर ओरखडा नव्हता. हज्जानसाहेब पुन्हा आले, चारही पाय चाचपले, आणि या वेळी त्यांनी पेटी उघडली. रक्तावर राख आम्ही टाकली. आजीने त्याचे नारळाच्या वाटणात कालवण केले, एक वाटा वाडीवर गेला, आणि उरलेले आम्ही सगळ्यांनी खाल्ले.